पुस्तकात लिहू का, सर?

गेल्या महिन्यात भाच्याला भेटायला लातूरला गेलो होतो. पोरगा बारावीला आहे, नीटची तयारी करतोय. खोली एवढीशी. एक कॉट, एक टेबल, भिंतीवर वेळापत्रक चिकटवलेले. टेबलावर एनसीईआरटीचे जीवशास्त्राचे पुस्तक उघडेच पडले होते, शिक्षकाच्या सवयीने मी ते हातात घेतले. पान पिवळे. पुढचे पान पिवळे. त्याच्या पुढच्या पानावर पिवळ्यावर गुलाबी.

"यातलं महत्त्वाचं कोणतं रे?" मी विचारलं.

"सगळंच महत्त्वाचं, मामा. कोणत्या ओळीवर प्रश्न येईल सांगता येत नाही."

"अन् गुलाबी कशाला?"

"दुसऱ्यांदा वाचलं की गुलाबी."

त्याचंही खोटं नाही. नीटच्या १८० प्रश्नांत ९० जीवशास्त्राचे असतात आणि एका मार्काने पोरं कुठल्या कुठे फेकली जातात. पण मी पुढे विचारलं, "या पानावर तुला न समजलेलं काय आहे, ते दाखव." तो पानाकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "तसं काही लिहून ठेवलेलं नाही."

त्याच पुस्तकात एक गंमत सापडली. पुस्तक त्याने एका सीनियरकडून घेतलेले. रक्ताभिसरणाच्या धड्यात समासात निळ्या पेनाने, बारीक अक्षरात, मराठीत एक ओळ होती. पुस्तक इंग्रजी, टीप मराठी! "इथं उलटं आहे. फुप्फुसाकडं जाणारी धमनी अशुद्ध रक्त नेते, शीर शुद्ध आणते. फसू नको." भाचा हसून म्हणाला, "हे मात्र मला कधीच चुकत नाही, मामा." चारशे ओळी रंगवलेल्या, त्यांतली एकही त्याला अशी आठवत नव्हती. आठवली ती दुसऱ्या एका पोराने स्वतःच्या भाषेत, स्वतः एकदा फसून लिहिलेली ओळ.

परतीच्या एसटीत नांदेड येईपर्यंत माझ्या डोक्यात हेच चाललं होतं. कारण या विषयात माझा स्वतःचा एक गुन्हा आहे, आणि तो आज सांगून टाकायचा आहे.

आपल्या वर्गात वर्षातून पन्नास वेळा येणारा प्रश्न आहे हा: "सर, पुस्तकात लिहू का?" आणि आपलं उत्तर ठरलेलं: "पुस्तकात नाही, वहीत लिही." मी वीस वर्षं हेच सांगत आलो. घरातही तेच. पुस्तकाला पाय लागला की लेकरू पटकन वाकून हात लावून नमस्कार करतं. विद्येला पाय लागू नये, हे आजीनं शिकवलेलं असतं. हा संस्कार मला चांगला वाटतो, तो जाऊ नये असंच वाटतं. पण त्याच्या मागोमाग एक दुसरी गोष्ट नकळत आत शिरते. पुस्तक म्हणजे ज्याला फक्त हात जोडायचे, ज्याच्याशी बोलायचं नाही. पुस्तकाने सांगायचं, आपण ऐकायचं.

शिवाय आपली व्यवहाराची अडचण आहेच. आठवीपर्यंतची पुस्तके समग्र शिक्षातून मोफत येतात. वर्ष संपताना चांगल्या स्थितीतली पुस्तके गोळा करून पुढच्या वर्गाला द्या, असं आपल्याला सांगितलं जातं, आणि ते योग्यच आहे. मग एप्रिलमध्ये आपण काय करतो? पोरांना खोडरबर घेऊन बसवतो. मिशा काढलेले फोटो पुसा, नावं पुसा, पेन्सिलीने लिहिलेलं सगळं पुसा.

२०१९ च्या एप्रिलमध्ये मी असाच पुस्तकं पुसत बसलो होतो. आठवीचं इतिहासाचं पुस्तक. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा भाग. स्वामी रामानंद तीर्थ, रझाकार, मग १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झालेली पोलीस कारवाई आणि १७ सप्टेंबरला निजामाची शरणागती. आपल्या भागात हा काही परका इतिहास नाही. दर १७ सप्टेंबरला आपण झेंडा लावतो, भाषणं करतो. त्या पानाच्या समासात एका मुलीने पेन्सिलीने लिहिलं होतं: "मग आमचे पणजोबा बार्शीला का पळून गेले होते? आजी सांगत नाही."

माझा हात चालूच होता. खोडरबर फिरला आणि मग अर्थ डोक्यात शिरला.

त्या मुलीने तो धडा माझ्याकडूनच शिकला होता. मी फळ्यावर कारणे लिहून दिली, परिणाम लिहून दिले, तारखा पाठ करून घेतल्या. मराठवाड्यातली हजारो कुटुंबं त्या काळात संस्थानाची हद्द ओलांडून सोलापूर, बार्शी, उमरखेडकडे गेली होती. त्या हद्दीवर कार्यकर्त्यांची शिबिरं होती. हे सगळं मला ठाऊक होतं. सांगितलं असतं तर त्या वर्गातल्या दहा-बारा लेकरांनी घरी जाऊन विचारलं असतं. पण तिने प्रश्न मला विचारला नाही. पुस्तकाला विचारला. कारण मी उत्तरं घेणारा होतो, प्रश्न घेणारा नव्हतो, हे तिला वर्षभरात कळलं असणार. ती नववीला दुसऱ्या गावच्या शाळेत गेली. त्या आजी पुढच्या वर्षी वारल्या, हेही नंतर कळलं.

आपल्या भाषेत एक वाक्प्रचार आहे, 'हरताळ फासणे'. मुलांना आपण त्याचा अर्थ 'रद्द करणे, पाणी फिरवणे' असा लिहून देतो आणि वाक्यात उपयोग करायला लावतो. तो आला कुठून, हे सांगत नाही. जुन्या हस्तलिखित पोथ्यांत चुकलेल्या अक्षरावर हरताळ नावाच्या पिवळ्या खनिजाचा लेप द्यायचे. तो वाळला की खालचे अक्षर झाकले जायचे. म्हणजे त्या काळचा व्हाइटनर. मी त्या पोरीच्या प्रश्नाला अक्षरशः हरताळ फासला. (आणि भाच्याच्या पुस्तकातला पिवळा रंग बघितल्यावर मला तोच आठवला. एका पिवळ्याने अक्षर झाकायचे, दुसऱ्याने उठवायचे. पण सगळंच उठवलं की काहीच उठून दिसत नाही.)

आता तुम्ही म्हणाल, सरकारने तर पुस्तकात लिहायची सोय करून दिली होती. खरंय. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांचे चार भाग केले आणि धड्यांच्या शेवटी कोरी पाने दिली, 'माझी नोंद' म्हणून. हेतू दोन होते. दप्तराचं ओझं कमी व्हावं आणि ज्यांना वह्या परवडत नाहीत त्यांची सोय व्हावी. मला ती कल्पना ऐकल्याबरोबर आवडली होती. नंतर काय झालं ते तुम्हीही पाहिलं. पोरं वह्या आणतच राहिली, पाने कोरीच राहिली. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने निर्णय मागे घेतला. पानांचा अपेक्षित वापर झालेला दिसत नाही, हे त्यामागचं कारण होतं.

त्या दोन वर्षांत आपल्या स्टाफरूममध्ये झालेली चर्चा मला आठवते. "कागद वाया," "छपाईचा खर्च," "पालक म्हणतात पुस्तक फाटतं." या तक्रारी खऱ्याच होत्या. पण पाने कोरी का राहिली, यावर आपण कधी बोललो? ज्या लेकराला पहिलीपासून "पुस्तकात लिहू नको" सांगितलं, त्याच्यापुढे एके दिवशी कोरं पान ठेवून 'माझी नोंद' म्हटलं तर ते काय नोंदवणार? माझ्या वर्गात ज्यांनी पाने भरली त्यांनी काय भरलं, तर स्वाध्यायाची उत्तरं. तीही फळ्यावरून उतरवून. 'माझी' म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं. दोष पानांचा नव्हता. नोंद कशी करायची हे आम्ही शिकवलंच नव्हतं. मलाही ते कुणी शिकवलेलं नव्हतं, हेही खरं. डी.एड.ला पाठ टाचण काढायला शिकलो, पण वाचताना स्वतःसाठी टाचण कसं करतात, हे नाही.

नुसत्या रेघा मारण्याबद्दल तर संशोधनही फारसं चांगलं बोलत नाही. २०१३ मध्ये डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. त्यात अधोरेखन किंवा रंगवणे ही पद्धत कमी उपयोगाच्या गटात गेली. पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेणे आणि तोच अभ्यास काही दिवसांच्या अंतराने पुन्हा करणे, या दोन पद्धती सर्वांत वर आल्या. पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावं. पाच रंगांचा हायलायटरचा सेट आणून दिला म्हणजे अभ्यासाची सोय झाली, असं होत नाही. रेघ मारताना हात चालतो, डोळे चालतात, आणि अभ्यास झाल्याचं समाधान मिळतं. समाधान मात्र फार लवकर मिळतं.

समासातली टीप वेगळी असते. तिथे आपल्याला शब्द शोधावा लागतो. "इथं उलटं आहे" हे लिहायला आधी उलट काय ते कळावं लागतं.

आणि ही गोष्ट काही परदेशातून आलेली नाही. आपल्या पोथ्यांना चारी बाजूंनी मोकळा समास सोडलेला असे. सुटलेलं अक्षर तिथे लिहायचे, कठीण शब्दाचा अर्थ लिहायचे, ओव्यांचे आकडे आणि दंड गेरूने लाल करायचे. ज्ञानेश्वरी म्हणजे तरी काय, गीतेच्या समासात न मावलेली टीकाच की. (हे माझं म्हणणं, जाणकारांनी रागावू नये.) पण समासाचा एक धोकाही आपल्याच मातीत दिसतो. नकला होता होता ज्ञानेश्वरीचे पाठ बिघडत गेले, वाचणाऱ्यांनी-लिहिणाऱ्यांनी घातलेलं मूळ ग्रंथात मिसळत गेलं. पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून शुद्ध प्रत तयार केली. आणि यापुढे कुणी आपली ओवी यात घालू नये, अशी ताकीदही दिली. एकनाथांनी स्वतः भागवताच्या अकराव्या स्कंधावर केवढी मोठी टीका लिहिली! म्हणजे आपलं म्हणणं मांडायला त्यांचा विरोध नव्हता. लेखकाचं ते लेखकाचं, आपलं ते आपलं, दोन्हींत रेघ असू द्या, एवढंच. मला वाटतं पुस्तकात लिहिण्याचा नियम मुलांना सांगायचा तर हाच सांगावा. छापलेल्या ओळीवर गिरगटायचं नाही. समास तुझा.

बाबासाहेब आंबेडकरांची पुस्तकं याचं मोठं उदाहरण. त्यांच्या संग्रहातली अनेक पुस्तकं मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात आहेत. त्यांवर त्यांच्या रंगीत पेन्सिलीच्या खुणा आहेत. कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई त्यांचे प्राध्यापक होते. ड्यूईंचं 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' १९१६ साली आलं. बाबासाहेबांनी आपल्या प्रतीत कुठे खुणा केल्या आणि त्यातले विचार पुढे त्यांच्या लेखनात, भाषणांत कसे आले, याचा स्कॉट स्ट्राउड यांच्यासारखे अभ्यासक आजही माग काढतात. १४ एप्रिलला आपण मुलांना सांगतो, बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचायचे. तास सांगतो. हातात पेन्सिल होती, हे सांगत नाही.

गणिताच्या शिक्षकांकडे फर्माची गोष्ट आहेच. १६३७ च्या सुमारास त्याने एका पुस्तकाच्या समासात लिहून ठेवलं की सिद्धता सापडली आहे, पण समास पुरत नाही. ती सिद्धता अँड्र्यू वाइल्स यांच्याकडून १९९४ साली पूर्ण झाली. साडेतीनशे वर्षं लोक एका टिपेच्या मागे धावत होते. सातवी-आठवीच्या वर्गात ही गोष्ट सांगा, पोरं ताबडतोब पेन्सिल शोधायला लागतात. माझा अनुभव आहे.

आता आवडीच्या वाचनाबद्दल थोडं. इथे माझं मत जरा वेगळं आहे. गोष्टीचं पुस्तक वाचताना लेकरामागे "महत्त्वाच्या ओळी अधोरेखित कर" म्हणून लागू नका. वाचनाची मजा जाते. गोष्ट आवडली की खूण आपोआप होते. पानाचा कोपरा दुमडतो, मोरपीस ठेवलं जातं, एखाद्या वाक्याशी पेन्सिलीचा बारका टिंब दिसतो. तेवढं पुरे. आणि वाचनालयाचं पुस्तक असेल तर टिंबसुद्धा नको. आमच्या तालुक्याच्या वाचनालयातून मी कॉलेजात असताना एक रहस्यकथा आणली होती. तिसऱ्याच पानावर कुणीतरी नोकराच्या नावाभोवती गोल करून लिहिलं होतं, "खुनी हाच." त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

मग जे पुस्तक परत द्यायचं आहे, त्याचं काय? आमच्या वर्गात आता चिठ्ठ्या चालतात. ऑफिसात एका बाजूने छापलेले कागद पडलेले असतात, ते दोन बोटं रुंदीचे कापायचे आणि वाचताना पुस्तकात ठेवायचे. पोरं त्याला 'शेपटी' म्हणतात, कारण ते पुस्तकातून बाहेर लोंबतं. न कळलेल्या ठिकाणी प्रश्नचिन्ह. खरं वाटत नाही तिथे उद्गारचिन्ह. आणि धड्याला निदान एक वाक्य स्वतःचं. प्रश्न असेल तर उत्तम. शुद्धलेखन मी तिथे तपासत नाही, बोलीत लिहिलं तरी चालतं. "ह्ये खरं हाय का?" असं एकाने लिहिलं होतं. मी त्याला लाल पेन लावला नाही. लावला असता तर दुसऱ्या दिवसापासून मला गाईडातली वाक्यं वाचायला मिळाली असती.

सुरुवातीचे पंधरा दिवस काही होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पोरं शेपटीवर धड्याचं नाव लिहून आणतात. काही जण शब्दार्थ लिहितात. "सर, प्रश्नाला किती मार्क?" असंही विचारतात. मार्क नाहीत म्हटल्यावर निम्म्यांचा उत्साह जातो. मीही मध्ये एकदा कंटाळून सोडून दिलं होतं. मग मी स्वतः वर्गासमोर वाचायला लागलो. मोठ्याने, अडखळत, मध्ये थांबून "हे मला पटलं नाही बरं का" म्हणत फळ्याच्या कोपऱ्यात ते लिहायचो. सरांनाही कळत नाही हे बघून पोरं हळूहळू सैलावली.

पालकांना एकच विनंती आहे. मुलाचं पुस्तक चाळताना "किती घाण केलीस" म्हणायच्या आधी ते काय लिहिलंय ते वाचा. मिश्या असतील तर रागवा. प्रश्न असेल तर संध्याकाळी जेवताना तो काढा. तुम्हाला उत्तर येत नसेल तर आणखी चांगलं. आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, आणि लवकर विचारा. आणि मोठ्या मुलाचं नीटचं पुस्तक पूर्ण पिवळं असेल तर रागावू नका, त्याच्यावर ताण खूप आहे. फक्त एक पान उघडून विचारा, "यात तुला काय अडलं?" भाच्याला मी तेवढंच सांगून आलो. परवा त्याचा फोन आला होता. म्हणाला, "मामा, निळ्या पेनानं लिहायला सुरू केलंय. पण एका पानाला लई वेळ लागायलाय." लागणारच. परीक्षा जवळ आहे, त्यामुळे त्याला सगळ्या पानांचा आग्रह मी केला नाही. अडलेल्या पानांपुरतं कर म्हटलं.

एप्रिलची पुस्तकं अजूनही गोळा होतात आणि अजूनही पुसली जातात. तो नियम मोडत नाही. फक्त आता पुसायच्या आधी वाचतो. ऑफिसातून एक जुनं शंभर पानी रजिस्टर मागून घेतलं आहे, त्यात समासातले आणि शेपट्यांवरचे प्रश्न उतरवून ठेवतो. इयत्ता, धडा, प्रश्न. लिहिणाऱ्याचं नाव नाही. पहिली ओळ मी आठवणीतून लिहिली, बार्शीची. पुढच्या वर्षी तोच धडा आला की त्या पानापासून सुरुवात करतो. मागच्या वर्षी एका पोराने त्यावर घरून उत्तर आणलं. त्याचे पणजोबा उमरखेडला गेले होते, आणि परत आले तेव्हा घराला दार नव्हतं.

यंदाची शेवटची नोंद पाण्याच्या धड्यावरची आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, हे मी शिकवताना सांगितलं होतं. अभिमानानेच सांगितलं होतं. एकाने शेपटीवर लिहिलं, "मिरजचं पाणी आपल्याला आलं, मग त्यांना कमी पडलं का?"

सोमवारी त्याच तासाला सुरुवात करायची आहे. मी अजून वाचतोय.